दोन शिफारसपत्रं

“‘अतिशय मेहनती मुलगी’, लिहिलंस?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“लिहिलं.”

“पुढे… पुढे काय बरं?”

“‘कागद बारकाईने वाचते’?” मी सुचवलं. अकरा वर्षं मी त्यांची टायपिस्ट आहे. साहेब अडले की शब्द मीच पुरवते.

“वा! घाल. ‘हिच्या नजरेतून चूक सुटत नाही’, तेही घाल.”

पत्र त्यांच्या भाचीसाठी होतं. ती समोरच्या खुर्चीत पाय हलवत मोबाइल बघत होती. लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत तिला दीडशेपैकी एकशे एकतीस मिळाले होते. पदवीला मात्र कशीबशी पास.

माझं उलट. नोकरी सांभाळून पदवी घेतली, विद्यापीठात तिसरी आले. आणि प्रवेशपरीक्षेत बासष्ट! सवय नडली. प्रत्येक प्रश्न शेवटच्या टिंबापर्यंत वाचला, दोनदा तपासला. घंटा झाली तेव्हा साठ-सत्तर प्रश्न कोरेच होते. लॉ कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, “पदवीचे गुण छान आहेत हो, पण या बासष्टांचं काय करू? तुमच्या वकिलांचं पत्र आणा, प्रवेश समिती विचार करेल.” मुदत आज पाचपर्यंत. आठवडाभर साहेबांच्या मागे होते. “बघू,” म्हणायचे.

“ताई, तुम्हीपण दिलेली ना परीक्षा?” भाचीने मान वर न करता विचारलं. “मी तर प्रश्न अर्धवट वाचूनच उत्तरं ठोकून दिली. वाचत कोण बसतंय!”

पोरगी वाईट नव्हती. पण खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेहनती कोण? कागद वाचतं कोण? माझी अकरा वर्षं हिच्या नावावर चढत होती, आणि चढवत होते मीच.

मी पत्र छापलं. मग नाव बदलून आणखी एक छापलं आणि पहिल्याच्या खाली सरकवलं. साहेब सही करताना कधी वाचत नाहीत. “तू टाइप केलंस म्हणजे वाचायचं काय?” असं अभिमानाने सांगतात.

पहिल्या पत्रावर सही झाली. पेन दुसऱ्याकडे वळलं. आणखी एक फराटा, की माझं काम फत्ते. मी कागदावर हात ठेवला.

“साहेब, हे वाचून सही करा.”

त्यांनी चष्मा शोधला. शेवटपर्यंत वाचलं. मग पहिलं पत्र परत ओढून तेही वाचलं. भाचीचे पाय हलायचे थांबले.

“शब्द तेच आहेत गं.”

“हो. पण खरे एकाच पत्रात आहेत.”

साहेबांनी पुन्हा पेन उचललं. मग त्यांनी माझ्या पत्रावर सही केली आणि पहिलं केराच्या टोपलीत टाकलं.

“हिचं नव्याने घेऊ. बस, सांगतो.”

साडेतीन वाजले होते. माझं पत्र मी पर्समध्ये ठेवलं आणि बोटं कीबोर्डवर टेकवून बसले.

“‘ही मुलगी…’” साहेब म्हणाले. “पुढे… पुढे काय बरं?”

त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही.