दहावी पायरी

सकाळपासून विचारलेल्या प्रत्येकानं दहा सांगितलं होतं, आणि लेइवियाचं डोकं तापलं होतं.

ब्रिस्बेनहून आलेली हॅना गावाच्या नकामलात, म्हणजे बैठकीच्या घरात, बसून एकेकाला शिडीचं चित्र दाखवत होती. खालची पायरी दुःखाची, सगळ्यात वरची, दहावी, सुखाची. तुम्ही कुठल्या पायरीवर? हातात पैसा नसताना माणसं सुखी कशी राहतात, यावर तिला पुस्तक लिहायचं होतं. पाहुणी एवढा समुद्र ओलांडून आलीय, तर तिला हवं ते द्यावं, ही बेटाची रीत. गावानं कोंबडी कापली, केळीच्या पानात गुंडाळून लापलाप भाजला, आणि वर दहाचे आकडे वाढले.

"भाऊजी, तुम्हीसुद्धा दहा?" लेइवियानं आपल्या थोरल्या दिराला, गावच्या मुखियाला, कोपऱ्यात गाठलं.

"मग काय तीन सांगू? पाहुणीनं तोंड पाडून घरी जायचं?" कालसाऊ म्हणाला.

"आणि रूती घरात रडत बसलीय, तिचं काय?"

रूती लेइवियाची लेक. नववा महिना सरत आला होता आणि बाळ पोटात आडवं होतं. नर्सनं दोनदा बजावलं होतं, हिला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्या, इथे सुटका व्हायची नाही. न्यायचं कशातून? गावच्या बोटीचं इंजिन ईस्टरपासून बंद पडलेलं. भाड्याची बोट तीस हजार वातू मागे. जहाज कधी येणार हे जहाजालाही ठाऊक नव्हतं. देव बघेल, असं भाऊजी रोज म्हणत. देवाला काय तेवढं एकच काम आहे?

"आपण सुखी आहोत असं ही लिहून गेली, की आपल्याला इंजिन कोण देणार?"

"तुझं आपलं नेहमीचंच. जा, तुझी पाळी आली. आणि जरा हसून बोल."

लेइविया गेली, पण हसली नाही. "दोन," ती म्हणाली.

हॅनाला वाटलं, बाईला चित्र कळलं नाही. तिनं मोडक्यातोडक्या बिस्लामा भाषेत पुन्हा समजावलं.

"कळलं गं. खालून दोन."

बायका फिदीफिदी हसल्या. "तिचं मनावर घेऊ नका हो," तिची जाऊ म्हणाली, "ती लग्नातही रुसून बसली होती."

"पण तुमच्याकडे एवढा सुंदर समुद्र आहे," हॅना म्हणाली.

"तोच तर मधे आडवा आलाय, पोरी!"

"बरं, एक पायरी वर चढायला काय लागेल?"

"इंजिन."

कागदावर कुटुंब, श्रद्धा आणि निसर्ग अशा तीनच चौकटी होत्या. हॅनानं थोडा विचार करून कुटुंबावर खूण केली. लेइवियाला तो कागद फाडून खावासा वाटला.

दुपारी हॅनाला न्यायला भाड्याची बोट आली. सगळं गाव फुलांचे हार घेऊन किनाऱ्यावर गोळा झालं, गाणं सुरू झालं. गाण्याच्या मधेच लेइविया रूतीला दंडाला धरून पाण्यात उतरली, तिला बोटीत चढवलं, खाली चटई टाकली आणि स्वतः शेजारी बसली.

"अगं, पाहुणीची बोट आहे ती! विचार तरी!" कालसाऊ ओरडला.

"गावाचे एवढे दहा घेऊन चाललीय, भाऊजी. त्यात आम्ही दोघी काय जड आहोत?"

हॅनानं रूतीचं पोट पाहिलं, तिचे घट्ट मिटलेले ओठ पाहिले, आणि तिचा स्वतःचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी दोन म्हणाले होते," लेइविया म्हणाली.

बोट सुटली. लाटा अंगावर घेत ती सरळ मोठ्या बेटाकडे निघाली. ओशाळलेल्या हॅनाला दुसरं काही सुचेना, तिनं पिशवीतून तो कागद काढला आणि रूतीला हळूच विचारलं, "तू कुठल्या पायरीवर?"

रूतीनं पोटावर हात ठेवला. इस्पितळाचं लाल छप्पर आता दिसू लागलं होतं.

"दहा," ती म्हणाली.

लेइवियानं कपाळावर हात मारून घेतला. मग तिनं हॅनाचं मनगट धरलं.

"लिही. पण बोटीत बसून सांगितलं, तेही लिही."