अवघड गणिताचा वर्ग

कलोलाइने सकाळपासून मुलीच्या शाळेत जायच्या तयारीला लागली होती. अळूच्या पानांत नारळाच्या दुधातलं मटण शिजवलं, चर्चला घालायचा काळा पोशाख चढवला आणि त्यावर कमरेला चटई गुंडाळली. मानाच्या माणसासमोर टोंगा बेटांवरची बाई चटईशिवाय जात नाही, आणि मास्तर म्हणजे पाद्रीबाबांच्या खालोखाल.

"आई, मटण राहू दे गं. एकच वाक्य बोल," वाइमोआना गाडीत तिसऱ्यांदा म्हणाली. "मला अवघड गणित हवंय, एवढंच. सोप्या गणितावर डॉक्टरकीला घेत नाहीत. मी सांगून पाहिलं, तर सर म्हणतात, आईवडिलांना येऊ दे."

"बोलेन की. मुकी आहे का मी?"

कसली बोलतेय. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात अकरा बायकांना दरडावणारी ही बाई मांगेरे उपनगरातल्या त्या शाळेत शिरली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली.

त्यांच्या आधी एक गोरी बाई मुलाला घेऊन हॅरोप सरांसमोर बसली होती. "माझ्यापेक्षा नऊ मार्क कमी आहेत त्याला," वाइमोआना कुजबुजली. पण त्याची आई सरांना ठणकावत होती, "ते काही चालणार नाही. तो अवघड गणितच घेणार. लिहा तसं." सरांनी मुकाट लिहिलं. कलोलाइनेलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांना शिकवते, कुठल्या घरची म्हणायची ही, असं तिच्या मनात आलं.

मग सर हसून म्हणाले, "गुणी आहे तुमची मुलगी. सोप्या गणितात आरामात पास होईल. कशाला उगाच ताण?"

टेबलाखाली पोरीने आईचा गुडघा दाबला. कलोलाइनेने मान खाली घालून मटणाचा डबा पुढे सरकवला. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, सर," ती म्हणाली आणि कागदावर सही केली. तिचा हिशेब सरळ होता: उलट बोललं तर सर पोरीवर डूख धरतील. देवा, किती हा भाबडेपणा.

दोन वर्षांनी विद्यापीठाचं पत्र आलं. लागणारं गणित नाही, म्हणून डॉक्टरकीला प्रवेश नाही. वाइमोआनाने आदळआपट केली नाही. फक्त महिनाभर ती आईशी कामापुरतंच बोलली, आणि ते कलोलाइनेला आतून पोखरत राहिलं.

शेवटी एके दिवशी पोरीला सांगून, कामावरून सुटल्यावर ती एकटीच सरांना भेटली.

"सर, तेव्हा मी बोलले असते तर?"

"अहो, तिथल्या तिथे नाव लिहिलं असतं," सर गोंधळून म्हणाले. "मला वाटलं, तुम्हालाच नकोय."

"माफ करा हं, तुमचा वेळ घेतला," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी वाइमोआना कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय म्हणाले सर?"

कलोलाइने ओट्याकडे वळली. "म्हणाले, वर्ग आधीच भरला होता. मी बोलले असते तरी उपयोग नव्हता."

"खरंच?"

"हं."

पोरीने हातातली घडी खाली ठेवली. मग मागून येऊन तिने आईला मिठी मारली, महिन्याभरात पहिल्यांदाच.

"आणि मी तुझ्यावर राग धरून बसले," ती रडत म्हणाली. "चुकलं माझं, आई."

खरं सांगितलं तर हे हात सुटतील, या भीतीने कलोलाइने तशीच उभी राहिली.