डाव्या कडेला आत्या

भावाच्या लग्नात आत्या रुसून बाहेर बसली होती, हे घरात सर्वमान्य होतं. पुरावा म्हणजे लग्नाची व्हिडिओ कॅसेट. त्यात आत्या कुठेच नाही. "अरे, मी स्टेजजवळच होते," असं ती म्हणायची आणि भाचा म्हणायचा, "कॅमेऱ्याच्या मागे असशील." हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता, की आता हसण्याचं कामही त्यालाच करावं लागे.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची ठरली तेव्हा आत्याने विचारलं, "आता सगळं दिसेल ना रे?"

"सगळं," भाचा म्हणाला.

उतरवलेलं चित्र चौकोनी निघालं आणि टीव्ही लांबट. भाच्याने चित्र ताणलं. आई म्हणाली, "मी नवरी होते, सोफा नव्हते." मग त्याने ते न ताणता मोठं केलं, वरचं-खालचं थोडं कापलं गेलं. कडांना काळी पट्टी आणि थरथरत्या रेघा होत्या, त्याही छाटल्या. भाचा टापटिपीचा होता. स्वच्छ प्रत त्याने रविवारी सगळ्यांना जमवून दाखवली.

आत्या अगदी पुढच्या खुर्चीत बसली. शेवटी म्हणाली, "नाहीच की मी. बाहेरच असेन. तुम्ही सगळे म्हणताय म्हणजे."

"चला, मिटलं एकदाचं," बाबा म्हणाले. ज्याच्या लग्नाचा वाद, तो भाऊ हाच.

आत्या वाद न घालता घरी गेली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि भाच्याला ते सोसेना. दुसऱ्या दिवशी त्याने न कापलेली मूळ फाइल उघडली.

डाव्या कडेला, काळ्या पट्टीला चिकटून, आत्या उभी होती. अर्धा चेहरा, एक खांदा, हातावर भावाचा कोट. जवळजवळ लग्नभर. जुन्या टीव्हीची चौकट चित्राच्या कडा गिळायची, म्हणून ती कधी कुणाला दिसली नव्हती. या वेळी कॅसेट उतरवणाऱ्या मशीनने तिला बाहेर काढलं होतं आणि भाच्याने नीटनेटकेपणाने परत घालवलं होतं.

लॅपटॉप घेऊन तो तिच्याकडे गेला. आत्याने चष्मा पुसून पाहिलं.

"बारीक होते रे मी."

"अर्धीच दिसतेयस."

"तुम्हाला तेवढी पुरे." मग म्हणाली, "काल घरी आल्यापासून आठवत होते, बाहेर कुठे बसले असेन ते. एक बाकसुद्धा आठवायला लागला होता."

भाच्याने विनोद शोधला. सापडलाही, पण तोंडातून निघेना. त्याने मूळ फाइल सगळ्या नातेवाइकांना पाठवायला घेतली आणि खाली लिहिलं: तांत्रिक कारणामुळे आत्या राहून गेली होती.

आत्याने वाचलं. "तांत्रिक कारणाचं नाव लिही."

त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठवलं.

पहिलं उत्तर बाबांचं आलं: कडा जरा खराब वाटतात.

आत्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं.