जुल्फिकारच्या रक्ताची काच

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी वयाने जुना झालेला सूक्ष्मदर्शक. माझं एक भिंग दोनदा बदललं आहे आणि बाजूची चकती सैल आहे. मला जग गोल दिसतं, तेही काचेच्या पट्टीवर कुणी ठेवलं तेवढंच. म्हणून माझी गोष्ट काचांमध्ये तुटलेली आहे.

पहिली काच.
अंबाल्याच्या कारखान्यात मी तयार झालो. महाडच्या एका शाळेत वीस वर्षं कांद्याचा पापुद्रा दाखवला. मुलं भिंगावर डोळा टेकवून ‘अय्या!’ म्हणायची. नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी कपाटात बुरशी खात पडलो. अनुपमाबाईंनी मला बाहेर काढून पुसलं. औद्योगिक वसाहतीजवळ त्यांची लहानशी प्रयोगशाळा आहे. हिवतापाचे जंतू कुठे कुठे जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून त्या झाडपाल्यात नवं औषध शोधतात. रक्ताच्या काचा रंगवण्याचं काम त्यांची मदतनीस हाजरा हिचं.

दुसरी काच.
उमरठचा सोनबा तापावर काढा देतो. त्याने त्या काढ्याची साल आणली.
“बाई, याला नेम हाय. घेणाऱ्यानं कुणाला सांगायचं नाय. वर दुसरं औषध पोटात न्यायचं नाय. नायतर गुण जातो.”
“साल माझ्यासमोर कुटा,” अनुपमाबाई म्हणाल्या. त्यात कुणी गोळ्यांची पूड मिसळली नाही ना, ही त्यांना शंका.
“पोलीस हाय काय गो ही?” सोनबाने हाजराला विचारलं आणि कुटायला बसला.
त्या सालीचा अर्क अनुपमाबाईंनी काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर घातला. तीन दिवसांनी माझ्याखाली जंतू सुरकुतून काळे पडलेले.
“मेले ना?”
“बशीत मेले, सोनबा. माणसाच्या शरीरात काय होईल ते माहीत नाही. किती घेतल्यावर विष होईल, तेही नाही.”
हाजराने घरी जाऊन पहिला शब्द गाळला. फक्त ‘मेले’ एवढंच सांगितलं. हे मला नंतर कळलं.

तिसरी काच.
फुटली. तिच्यात काय होतं ते मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही.

चौथी काच.
जुल्फिकार हा हाजराचा मोठा भाऊ, टँकर चालवणारा. त्याला हिवताप झाला. दवाखान्याने गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासायला सांगितलं. हाजराने त्याला आमच्याकडेच आणलं. तो शाल गुंडाळून बाकावर बसला. तिने काच रंगवली, तेलाचा थेंब सोडला आणि डोळा लावला.
निळसर कडी, म्हणजे हिवतापाचे जंतू. प्रत्येक कड्यावर जांभळा ठिपका. दवाखान्याच्या कागदावर लिहिले होते त्यापेक्षा जास्त.
“हा म्हातारा खोटं दाखवतोय,” ती म्हणाली.
म्हातारा म्हणजे मी. मला राग आला नाही. मलाही क्षणभर माझीच शंका आली.
अनुपमाबाईंनी वरचं भिंग फिरवून पाहिलं. भिंगावरची धूळ असती, तर ठिपके भिंगाबरोबर फिरले असते. ते जागचे हलले नाहीत. मग रंगावर संशय. हाजराने स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि आपलं रक्त त्याच रंगात रंगवलं. स्वच्छ.
दोघींनी एकदमच बाकाकडे पाहिलं.
“भाई, गोळ्या घेतल्यास?”
“घेतल्या ना.”
“रिकामं पाकीट दाखव.”
त्याने शाल आणखी घट्ट ओढली.
“भाई!”
“सांगायचं नाय असं बोललाय तो.”
“कोण?”
“सोनबा. त्याचा काढा घेतोय. तूच बोललीस ना, सगळे मेले?”
“बशीतले रे! तू बशी हायस काय?”
ती ओरडली आणि तोंडावर हात ठेवून रडू लागली. जुल्फिकारचे डोळे पिवळे झाले होते, शब्द अडखळत होते. रिक्षा बोलावून त्याला सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे शिरेतून औषध सुरू झालं.
तो वाचेल का, हे मला कुणी सांगितलं नाही. आठ दिवस माझ्यावर झाकण होतं.

पाचवी काच.
झाकण निघालं ते सोनबा आला तेव्हा. अनुपमाबाईंनी त्याला बशीतले मेलेले जंतू आणि जुल्फिकारच्या रक्तातले काढ्याला न जुमानलेले जंतू, दोन्ही दाखवले. त्याने दोन्ही काचा पुन्हा लावायला सांगितल्या. “सालीत काय हाय ते शोधा,” म्हणाला. “तोवर तापाचा माणूस आला तर मी आधी दवाखान्यात धाडतो.” ती साल अजून तपासत आहेत. वर्षं लागतील.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, मला दमट जागी ठेवू नका. माझ्यावर संशय घ्या, पण तो तपासूनही पाहा. आणि दिलेली गोळी घेतली नसेल, तर खरं सांगा.

महिन्याने जुल्फिकार स्वतःच्या पायांनी चालत आला. हाजराने त्याच्या रक्ताची काच लावली. शंभर जागा पाहिल्या. तिला पटेना. तेल पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी काहीच दाखवलं नाही. काही न दाखवण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.