खांबांची नावं

अर्जात एक रकाना होता, ‘खांबाची ओळख’. ताईंनी त्यात खांबाची ओळखच लिहिली. घोळ झाला तो एवढाच.

नवऱ्याने खांबांवर चढायचं आणि ताईंनी फोनवर बोलायचं, अशी त्यांच्या इंटरनेटच्या छोट्याशा धंद्याची वाटणी होती. तीनशे बारा घरं जोडलेली, तीही मोठ्या कंपनीच्या निम्म्या दरात. पण तारा जायच्या मोठ्या कंपनीच्या खांबांवरून. कंपनी आज ‘असू दे’ म्हणायची, उद्या ‘कापून टाकू’. मग सरकारने नवा नियम काढला, की खांब ज्याचा असेल त्याने लहान-मोठ्या सगळ्यांना एकाच दराने जागा द्यायची. ताईंनी तो मोबाइलवर दोनदा वाचला आणि जागच्या जागी देवाला हात जोडले. मेख पुढच्या ओळीत होती. महिनाभरात अर्ज करा, प्रत्येक खांबाची ओळख द्या. ज्याची ओळख पटणार नाही त्यावरची तार उतरवली जाईल.

आता खांबांवर नंबर होते कुठे? कंपनीच्याच माणसांनी रंग देताना ते बुजवून टाकले होते. यादी मागितली तर पत्राला उत्तर नाही. शेवटच्या दिवशी ताईंनी नवऱ्याची खांबांची वही उघडली आणि चौसष्ट नावं टाइप करून अर्ज पाठवून दिला. नवरा तेव्हा कुठल्यातरी खांबावर होता.

सुनावणीला कंपनीचे वकील उभे राहिले. समोर टेबलामागे नियामक कार्यालयाच्या अधिकारी मॅडम, आणि कोपऱ्यात एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.

“वाचतो, मॅडम. यादीतला अनुक्रमांक सात, रडका. अनुक्रमांक बारा, नवरदेव. अनुक्रमांक एकोणीस...” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सासूचा खांब.”

सगळी खोली हसली. बादलीजवळचा शिपाईसुद्धा.

“हे पाठवलंस तू?” नवरा कुजबुजला.

“तुमच्या वहीत होतं तेच पाठवलं.”

“अगं, ती माझी वही आहे, सरकारची नाही!”

मॅडम हसल्या नाहीत. “अर्जाची मुदत संपली आहे. आता बदल करता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

एकाही खांबाची ओळख पटली नाही तर चौसष्ट खांबांवरच्या तारा खाली येणार, धंदा बुडणार. आणि ती तीनशे बारा घरं? दोन खोल्यांतून शिकवण्या घेणारी बाई, व्हिडिओवर बहिणीशी हातांच्या खुणांनी बोलणारा मुका शिंपी, यांना दुप्पट पैसे परवडणार होते थोडेच? ताई उठल्या. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई, पण त्या क्षणी बोलायची बुद्धी झाली खरी.

“मॅडम, नावं गावठी असतील, पण खांब खोटे नाहीत. कुठलंही नाव काढा, आम्ही तुम्हाला त्या खांबापाशी नेऊन उभं करतो.”

“करतीलच की!” वकील म्हणाले. “कुठल्याही खांबापाशी नेतील आणि म्हणतील, हाच नवरदेव.”

बोलणं चुकीचं नव्हतं. ताई खाली बसल्या.

“मग यांना नको विचारायला,” मॅडमनी पेन बंद केलं. “तुमच्याच लाइनमनला विचारू. उद्या सकाळी नऊला. तुमचा जुन्यातला जुना माणूस द्या, आणि नंबरांचा नकाशा आणा.”

सकाळी जीप निघाली. ताई आणि नवऱ्याने मागे बसायचं, अवाक्षर काढायचं नाही, असा हुकूम होता. कंपनीचा लाइनमन नाक्यावर उभा होता. पन्नाशीचा, सगळे त्याला मामा म्हणत. त्याला काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

“मामा, चारशे सतरा नंबरचा खांब दाखवा.”

मामांनी डोकं खाजवलं. ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणालं, बँकेच्या मागे. बँक तीन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेलेली. मामा एका खांबाभोवती प्रदक्षिणा घालून परत आले आणि कसनुसं हसले.

मॅडमनी कागदातून मान वर न करता विचारलं, “बरं, सासूचा खांब?”

“असं बोला की!” मामा तरातरा चालायला लागले. गल्ली, वळण, पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या बाजूचा लोखंडी खांब. “हात लावू नका बरं का. पावसाळ्यात झटका देतो. उगाच नाव पडलेलं नाही.”

मॅडमनी नकाशा उलगडला. योगायोग असा, की गिरणीच्या बाजूला लिहिलं होतं, चारशे सतरा. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

“ही नावं तुम्हाला कुणी शिकवली?”

“आमच्या मुकादमांनी. तीस वर्षं कंपनीत होते. नवा माणूस आला की आधी नावं पाठ करून घ्यायचे. नंबर पुसतात, म्हणायचे, नाव राहतं.” मामांचं लक्ष मागून आलेल्या जीपकडे गेलं. “अरे, हा काय त्यांचा मुलगा! तू इथे कसा रे? आणि असा गप्प का?”

नवऱ्याने नुसती मान हलवली. हुकूम हुकूम होता. नामाचा महिमा ताईंनी आयुष्यभर कीर्तनांतून ऐकला होता. पण तो लोखंडाच्या खांबालाही लागू पडेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

दुपारपर्यंत फेरी चालली. वेलींनी सजलेला नवरदेव सापडला, सांध्यातून पाणी ठिबकणारा रडका सापडला. एक खांब मात्र ट्रकने केव्हाच पाडला होता आणि तिथली तार भिंतीला बांधलेली होती. मॅडमनी तो खोडला. “त्रेसष्टांची ओळख पटली. मंजूर. हा एक नवा बसला की वेगळा अर्ज करा,” असं म्हणून त्यांनी भर रस्त्यात, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. ताईंना वाटलं, महिनाभर छातीवर कुणी बसलं होतं ते उठून गेलं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सासूच्या खांबाशी येऊन थांबल्या.

“हे नाव कुणाचं?”

“बाबांनीच ठेवलेलं, मुकादम असताना,” ताई चाचरत म्हणाल्या.

“मग माझ्याकडे काय बघतेस? त्यांची सासू म्हणजे माझी आई!” आणि सासूबाई अशा हसल्या, की पाण्याचा पेला हातातून सांडला.

चार महिन्यांनी मोठ्या कंपनीनेही दर उतरवले. उतरवावेच लागले. ताईंची अकरा घरं तिकडे गेली. ताई दोन दिवस फुगून बसल्या.

“दार उघडा म्हणून तूच ओरडत होतीस ना?” सासूबाई म्हणाल्या. “उघड्या दारातून माणसं आत येतात तशी बाहेरही जातात. लोकांना स्वस्त मिळतंय ना? मग झालं तर.”

पटलं, पण गिळायला वेळ लागला. गिळतायत तोवर फोन वाजला. निवृत्त मास्तर, त्या अकरांतलेच एक.

“ताई, नेट बंद आहे हो.”

“मास्तर, तुम्ही आता त्यांच्याकडे आहात.”

“ठाऊक आहे गं. पण तिथे फोन कुणी उचलत नाही.”

ताईंनी कपाळावर हात मारला आणि खुर्ची ओढून बसल्या. “बरं, त्या डब्याची पिन काढा. काढली? आता माझ्याबरोबर दहा मोजा. सावकाश हं, मास्तर, घाई नाही. एक...”