आईसाठी शांत गाव

घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा त्यांचा व्यवसाय. मिक्सर म्हणा, इस्त्री म्हणा, खोक्याच्या तळाशी जी पातळ पुस्तिका असते आणि जी कोणी उघडूनही बघत नाही, ती बहुतेक त्यांनीच लिहिलेली असायची. या कामामुळे त्यांचा स्वभाव तसा झाला होता की स्वभावामुळे हे काम मिळालं होतं, ते त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. बोलणं जपून, आवाज कायम खालच्या पट्टीत. मतभेदाची नुसती चाहूल लागली तरी "तुमचं बरोबर आहे" म्हणून मोकळे व्हायचे. ओळखीपाळखीतले लोक त्यांना बरोबरराव म्हणायचे, आणि त्यावरही त्यांचं म्हणणं, बरोबर आहे.

शहर सोडायचं ठरलं ते त्यांच्या आईमुळे. वीज कचेरीतून निवृत्त होऊन ती मुलाकडे राहायला आली आणि दिवसेंदिवस मिटत गेली. जेवण चिमणीएवढं. टीव्ही चालू, पण आवाज बंद. काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी कशी झाली? छान आहे. गुडघा कसा आहे? छान आहे. डॉक्टरांनी नखशिखांत तपासलं, सगळं ठणठणीत निघालं, आणि करण्यासारखं काहीच उरलं नाही की डॉक्टर जे सांगतात ते त्यांनीही सांगितलं. हवापालट करा.

बरोबररावांनी मनाशी निदान पक्कं केलं. गोंगाट! चौकावरचा फ्लॅट, खाली बसचे हॉर्न, वर कुणाचं तरी न संपणारं फरशीकाम. जन्मभर नोकरी करून दमलेल्या जिवाला शांतता हवी. एखादं छोटं गाव बघायचं आणि बिऱ्हाड हलवायचं. त्यांचं स्वतःचं काम कुठूनही होण्यासारखं होतं. बायको औषधांच्या दुकानात होती. दुखणी सगळीकडे असतात, तेव्हा तिलाही चिंता नव्हती. लेकीची एकच अट होती, मनसोक्त सायकल चालवता आली पाहिजे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "छान आहे."

मग सुट्टीच्या दिवशी चौघं गाडीत बसून गावं बघत हिंडू लागली.

पहिलं गाव टेकडीच्या पायथ्याशी होतं. बरोबररावांनी चौकात गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि बोट वर करून म्हणाले, "ऐका." सगळ्यांनी ऐकलं. लांब कुठेतरी एक दार लागलं. मग तेही पुन्हा वाजलं नाही. बाकावर एक म्हातारा झोपला होता. आई त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकली आणि बघता बघता तिचीही मान खाली गेली.

"बघ, किती लवकर रमली," बरोबरराव बायकोला म्हणाले.

"रमल्या नाहीत, झोपल्यात," बायको म्हणाली.

दुसरं गाव तळ्याकाठी. तिथली माणसं इतकी गोड की रस्त्याने जाताना हसून हसून आपलेच गाल दुखावेत. घरमालक नवरा-बायको एकमेकांशीसुद्धा पाहुण्यांसारखं बोलत होते. भिंतीला खिळे ठोकले तर चालतील? चालतील. चालणार नसतील तर? तरीही चालेल. बरोबररावांना वाटलं, आपल्या रक्ताची माणसं भेटली. गाडीत बसल्यावर लेकीने हळूच विचारलं, "बाबा, ही माणसं खरी होती का?" आई खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसरं गाव पसंत पडायचं काही कारण नव्हतं. एजंट मागे लागला म्हणून ते गेले. घर मात्र देखणं होतं. दोन पायऱ्या, लांबट ओटा, मागे लिंबाचं झाड, आणि समोरच्या खोलीत सकाळचं ऊन येईल अशी मोठी खिडकी. एजंटने भर दुपारची वेळ दिली होती आणि तो चवड्यांवर चालत, कुजबुजत घर दाखवत होता.

"इथे फार शांतता असते साहेब," तो बरोबररावांच्या कानात म्हणाला. "जरा हळू बोलाल का?"

बरोबरराव भारावून गेले. शांततेचा एवढा मान ठेवणारा एजंट त्यांनी पाहिला नव्हता. बायकोला मात्र शंका आली, कारण एजंट बोलताना सारखा शेजारच्या घराकडे बघत होता. कुलूप उघडतानाही त्याने किल्ली रुमालात गुंडाळून फिरवली होती.

आई गाडीतच बसून होती. गुडघ्याचं निमित्त सांगून ती उतरलीच नव्हती. तिला उकडायला लागलं असावं. पुढच्या सीटवरूनच ड्रायव्हरकडची काच खाली करायला म्हणून तिने हात लांब केला आणि तो चुकून हॉर्नवर पडला.

एजंटने डोळे मिटून घेतले.

पाठोपाठ शिट्टी वाजली. साधीसुधी नव्हे, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांना जागच्या जागी थिजवणारी. शेजारच्या गेटात एक उंच, सरळसोट बाई उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला शिट्टी. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना गाव शिट्टीबाई म्हणून ओळखत होतं, आणि त्यांची दुपारची झोप सांभाळूनच एजंट गिऱ्हाईक आणत होता.

"गाडी काढा! माझ्या गेटसमोर आहे!"

गाडीची काच खाली गेली. "गेटसमोर कुठे? नुसतं टोक आलंय," आई म्हणाली.

"टोक गाडीचंच ना?"

"मग टोकाला वाजवायची शिट्टी! माझ्या कानात कशाला वाजवलीत?"

"कान गाडीत होते!"

"कान डोक्याला होते, डोकं गाडीत होतं, आणि गाडी सरकारी रस्त्यावर आहे!"

"रस्ता असेल सरकारी. गेटपुढचा हा फरशीचा उतार माझा आहे. मी बांधून घेतलाय!"

"तुमचा आहे ना? मग घरात नेऊन ठेवा. बाहेर का टाकलाय?"

बोलता बोलता आई गाडीतून उतरली होती. गुडघ्याचं तिच्या लक्षातही नव्हतं. बरोबरराव धापा टाकत ओट्यावरून धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं अगदी बरोबर—"

"तू गप्प बस!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

शेवटी बायकोने आईला गाडीत घातलं, एजंट कुठल्या तरी कुंपणाआड दिसेनासा झाला आणि बरोबररावांनी शरमेने लाल होत गाडी काढली. गावाची वेस ओलांडल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "माफ कर आई. अशा जागी तुला आणायलाच नको होतं. हे गाव रद्द."

आईचं लक्ष नव्हतं. तिचे ओठ हलत होते, बोटं मांडीवर काहीतरी ठोकत होती. मध्येच ती "नाही, त्यापेक्षा..." असं पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "गाडी वळव. माझा चष्मा राहिला."

लेकीने तोंड उघडलं, कारण चष्मा आजीच्या मांडीवर होता. आजीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते तोंड पुन्हा मिटलं, आणि चष्मा पर्समध्ये गेला.

परत येऊन बघतात तर शिट्टीबाई गेटात खुर्ची टाकून बसलेल्या.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या.

"एक विचारायचं राहिलं," आई म्हणाली. "उतार बांधताना परवानगी घेतली होतीत?"

"घेतली होती!"

"कुणाची?"

"नवऱ्याची!"

"नवरा म्हणजे नगरपालिका का?"

"माझ्या घरात नगरपालिका तेच होते!"

आईला हसू फुटत होतं. ते तिने कसंबसं गिळलं, पण बायकोने बघितलं. शिट्टीबाईंनीही तोंड फिरवून शिट्टी उगाच पुसायला घेतली, तेही तिने बघितलं.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात सगळे चहाला थांबले. आईने दोन सँडविच खाल्ली आणि लेकीच्या बशीतलं अर्धं उचललं. बरोबरराव बघतच राहिले.

"अहो, तुम्हाला अजून कळलं नाही?" बायको म्हणाली. "आईंनाच विचारा ना."

आईने कप खाली ठेवला. "कचेरीत माझी कुठली खिडकी होती, आठवतं ना? तक्रारींची. सकाळपासून लोक माझ्यावर ओरडायला रांग लावून उभे असायचे. वीज का गेली, मीटर का पळतो. मी पण सोडायची नाही कुणाला. एकेकाची अशी जिरवायची, आणि मग त्याचं काम करून द्यायची. घरी यायची तेव्हा सडकून भूक लागलेली असायची. आता काय? लिफ्टमधली माणसं 'हो आजी', दुकानदार 'हो आजी', आणि तू 'बरोबर आहे आई'. मागच्या रविवारी मुद्दाम म्हटलं, आज मंगळवार आहे. तरी तू म्हणालास बरोबर आहे." तिने बशी बाजूला सरकवली. "माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल असं बोलतात रे. जिवंतपणी कुणीतरी नाही म्हणणारं हवं."

"बरो—" म्हणून बरोबररावांनी जीभ चावली, आणि सगळं बळ एकवटून म्हणाले, "चूक आहे तुझं."

"काय चुकलं?" आईने डोळे चमकवून विचारलं.

"ते... बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटला फोन करून तेच घर हवं म्हणून सांगितलं. मग एजंट चाचरत म्हणाला, "साहेब, मी लपवणार नाही. बाजूला त्या बाई..."

"त्या कायमच्या राहतात ना तिथे? तेवढं नक्की करून सांगा."

बिऱ्हाड हललं. आईने समोरची खोली घेतली, कारण तिची मोठी खिडकी शिट्टीबाईंच्या कुंपणाच्या भिंतीकडे उघडायची. भांडणाला कारणांची ददात नव्हती. लिंबाची फांदी पलीकडे गेली होती, तर फांदी आमची म्हणून लिंबं आमची की हवा त्यांची म्हणून लिंबं त्यांची, यावरच पहिला हंगाम निघाला. दुपारच्या झोपेच्या वेळी मात्र दोन्हीकडे कडकडीत तह. आईचा रंग उजळला, आवाजाला धार आली, गुडघा आपला आपण बरा झाला. लेक सायकलवरून गावभर उंडारत होती. झळ बसली ती फक्त बरोबररावांच्या कामाला. त्यांचं टेबल त्याच खिडकीशेजारी होतं, आणि एकदा इस्त्रीच्या पुस्तिकेत 'वायर भिंतीपासून दूर ठेवावी' याच्या पुढे 'भिंत काय तुमच्या बापाची आहे का?' असं छापायला गेलं. कंपनीने पुस्तिका परत पाठवली. त्यांनी निमूट दुरुस्त केली.

आणि एके दिवशी भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. आईने खिडकी जोरात आपटून पाहिली. काही नाही. लिंबाची फांदी हलवली. काही नाही. तेवढ्यात बरोबररावांच्या दाराशी एक सभ्य गृहस्थ आला, शिट्टीबाईंचा मुलगा. शहरात राहायचा. मऊ बोलणारा, मऊ बुटांचा.

"तुम्ही समजूतदार आहात असं ऐकलं म्हणून आलो," तो ओट्यावर उभा राहून म्हणाला. "आईला मी माझ्याकडे नेतोय. छान, शांत फ्लॅट आहे. राग मानू नका, पण तुमच्या आईंमुळे तिच्या जिवाला रोजची कटकट झालीये. ह्या वयात आराम नको का? पटतंय ना तुम्हाला?"

बरोबररावांची मान सवयीने हलायला लागली होती. इतक्यात त्यांची नजर पलीकडे गेली. शिट्टीबाई पायरीवर बसल्या होत्या, पाठीत वाकून, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत.

"नाही!" बरोबरराव म्हणाले. आवाज इतका मोठा आला की ते स्वतःच दचकले.

"काय नाही?"

"त्यांना कुठेही न्यायचं नाही!"

"तुम्ही कोण सांगणार?"

"मी शेजारी!"

"माझ्या आईचं मला कळतं!"

"कळत नाही! मलाही माझ्या आईचं कळत नव्हतं! त्यांना विचारलंत तरी का?"

"विचारलं. 'तू म्हणशील तसं' म्हणाली!" आता मऊ गृहस्थाचाही आवाज चढला होता.

"आणि याआधी त्या कधी कुणाला असं म्हणाल्या होत्या? तुम्हाला? तुमच्या वडिलांना? सांगा ना! एकदा तरी?"

मुलगा आठवायला लागला, आणि आठवता आठवता त्याचा चेहरा बदलत गेला. मग वळून तो भिंतीपाशी गेला. "आई, तुला यायचंय का?"

"नाही," शिट्टीबाई उठत म्हणाल्या. "मी गेले तर या शेजारणीला मोकळं रान मिळेल."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या गोडीने बोलत होतास. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं, ते मला शिकवलं नाही कुणी."

मुलगा एकटाच परत गेला. जाताना उताराच्या कडेची निसटलेली फरशी मात्र त्याने नीट बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबररावांचा घसा पार बसला होता. बायकोने दिलेली गोळी चघळत ते टेबलाशी बसले होते, आणि खिडकीबाहेर भांडण रंगात आलं होतं.

"तुमच्या मुलाला आवाजच फुटत नव्हता!"

"माझ्या मुलाला शिस्त आहे! तुमचा काय, शेळीसारखा ओरडत होता!"

"शेळी? आख्ख्या गल्लीत ऐकू गेलं!"

"शेळीचंही जातं!"

बऱ्याच वेळाने आई आत आली. दमलेली, खूश. मुलाच्या मागे उभी राहून तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पहिल्याच खेपेला म्हणजे वाईट नव्हतं," ती म्हणाली. "पण 'मी शेजारी' म्हणताना हात कमरेवर हवे होते."