सळईच्या ब्रेकची रबरं

“म्हनं मिळत न्हाई. सायकलीचा ब्रेक मागतूय म्या, इमानाचा न्हाई,” माझे सासरे भोरला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीकडं तोंड करून पुटपुटले. मी शेजारीच बसले होते, पण ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यात माझा हात चांगला बसलाय.

माझे सासरे सोनबा, पण त्यांना सगळे तात्याच म्हणतात. वेल्ह्याच्या तहसिलीत शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी सायकलवरून गावोगाव नोटिसा पोचवल्या. सायकलही त्याच काळची, तारेऐवजी सळईचे ब्रेक असलेली. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर उतारावर ती शेजारच्या धोंडाबाईच्या म्हशीवर गेली. म्हशीला काही झालं नाही. तात्यांचा गुडघा फुटला आणि रबरं धरणारी ब्रेकची कमान वाकली.

“रबर झिजलं, ब्रेक लागलाच न्हाई,” तात्या म्हणाले.

“व्हय व्हय, ब्रेकच,” आम्ही सगळे घाईघाईनं म्हणालो. धोंडाबाईसुद्धा म्हणाली. भर दुपार होती, रस्ता सरळ होता आणि म्हैस काही उंदराएवढी नव्हती, हे कुणी काढलं नाही.

चूक तिथंच झाली. एकदा ब्रेकचं नाव घेतल्यावर ब्रेक शोधणं आलं. वाकडी कमान पिशवीत घालून तात्या वेल्ह्यात हिंडले, नसरापुरात हिंडले. मी मागं उभी राहून ‘नको’ म्हणून मान हलवायची, की दुकानदार म्हणायचा, “आता कुठं मिळतंय ह्ये!” भोरच्या सायकलदुकानातल्या रफीकभाईंना तर मी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता.

“माल बंद झाला, तात्या,” रफीकभाई माझ्याकडं न बघता म्हणाले.

“बंद कसा?” आतून त्यांच्या बायकोचा, नूरजहाँभाभींचा आवाज आला. “डबा भरलाय की जुन्या ब्रेकांनी!”

रफीकभाईंनी डोळे मिटून घेतले.

तात्या डबा मांडीवर घेऊन बसले. आत बघितलंच नाही, नुसतं चाचपलं. नट, घंटीच्या वाट्या बाजूला सारत दोन कोऱ्या रबरांची कमान त्यांनी अचूक वर काढली. चेहरा असा उजळला, की माझा मलाच राग आला.

“देऊ का?” रफीकभाईंनी विचारलं, ते मला. मी चपलेचा अंगठा नीट करत राहिले.

तात्यांनी पिशवीतली जुनी कमान काढली. एका हातात जुनी, एका हातात नवी. अंगठा जुन्या रबरावरून फिरला, मग नव्यावरून, परत जुन्यावरून.

“रफीक, ह्ये तर नव्याइतकंच जाड हाय.”

“व्हय, तात्या.”

“झिजलंच न्हाई.”

“न्हाई.”

भाभींनी चहा आणून ठेवला.

“घ्या तात्या, गार होईल,” मी म्हणाले.

तात्यांनी नवी कमान हळूच डब्यात परत ठेवली.

“म्या ब्रेक दाबलाच न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “म्हस दिसलीच न्हाई मला.”